न वाजणारे डबे

३० ऑगस्ट २०२०, रविवार

आज ग्रामपंचायतीत मास्क लावून भांडले. मास्कातून भांडणं फार अवघड. आपण रागावलोय हे समोरच्याला दिसत नाही, आणि जरा आवाज चढवला की हिला खोकला आला असं वाटून तो मागे सरकतो. शालिकराम सरपंच असा सरकत सरकत दारापर्यंत गेला.

झालं असं की अमरावतीहून पौर्णिमाचा फोन आला. पौर्णिमा माझ्या अंगणवाडीतली. सुकडीची वाटी सांडल्याशिवाय तिचा दिवस जात नसे. आता ती अडचणीत सापडलेल्या मुलांशी बोलायचं काम करते आणि लोक तिला मॅडम म्हणतात. म्हणाली, "बाई, माय-बाप दोघंही दवाखान्यात भरती झाले तर लेकरू कोनाच्या घरी जाईन, हे तुमच्या गावात ठरलं हाय काय?" मग तिनेच सांगितलं की आमच्या वलगावात एक बाल संरक्षण समिती आहे आणि मी तिची सदस्य आहे. मी चाटच पडले. निवृत्त होताना कोणीतरी माझं नाव टाकून दिलं असेल. तेव्हापासून ना बैठक, ना चहा.

गेल्या आठवड्यात पिठाच्या गिरणीजवळच्या नवरा-बायकोला गाडीने नेलं आणि त्यांच्या दोन मुली दिवसभर ओट्यावर बसून राहिल्या. सगळी गल्ली खिडकीतून बघत होती. कोणी वाईट नव्हतं, पण पुढे कोणी व्हायचं हेच ठरलेलं नव्हतं. म्हणून आज मी म्हणाले, प्रत्येक लेकराचं एक दुसरं घर आधीच ठरवून ठेवा. आणि ते आई-बापाने नाही, लेकराने निवडायचं.

"पोट्ट्यायले काय समजते बाई?" शालिकराम दारातून म्हणाला.

"कोनाच्या घरी मायेनं वाढतात, हे त्यायले तुमच्याहून जास्त समजते."

शेवटी सगळे हो म्हणाले. घरी येऊन आमच्या खुशालरावांना सांगितलं तर हे म्हणतात, "मले लहानपनी कोनी विचारलं असतं तर मी हलवायाचं घर सांगितलं असतं." या माणसाला गंभीर गोष्ट सांगायचीच सोय नाही.

१ सप्टेंबर, मंगळवार

गल्लीतल्या सगळ्या मुलांना विचारून झालं. शेजारच्या शकुनच्या नातीने, खुशीने, स्वतःच्याच आजीचं घर निवडलं. "अवं, ते तर तुहंच घर हाय," म्हटलं, तर म्हणाली, "मंग मी कुठीच जात नाही." तिला उद्या पुन्हा विचारायचं.

नियाजच्या तुबाने आमचं घर निवडलं. नियाज शिंपी. त्याचं दुकान म्हणजे त्यांच्या घराचीच पुढची खोली, आमच्यापासून चार घरं पलीकडे. आठ वर्षांची तुबा बापाच्या मशीनजवळ चिंध्या गोळा करत बसली होती. काहून गं आमचं घर, असं विचारल्यावर मान खाली घालून म्हणाली, "तुमच्या घरी भुलाबाई बसते."

नियाज मशीन थांबवून हसला. "घ्या बाई. म्या तुमच्या अंगणवाडीत जागा पटकावली, हिनं घर पटकावलं." त्याची बायको शहाजादी आतून ओरडली की आमची पोरगी भाजी खात नाही, आधीच सांगून ठेवते.

हा नियाज माझ्या अगदी पहिल्या पोरांपैकी. आईने सोडलं की रडून गोंधळ घालायचा, आणि माझ्या पदराचं टोक मुठीत आलं की गप्प. मी पदर खोचायचाच नाही, त्याच्यासाठी लोंबता ठेवायचा. फळ्याकडे जाताना तोही मागून यायचा. आता माझे ब्लाउज तोच शिवतो. माप घ्यावं लागत नाही, नुसतं बघून म्हणतो, बाई, अर्धा इंच वाढवतो. आगाऊ.

२ सप्टेंबर, बुधवार

आज भाद्रपदातली पौर्णिमा. भुलाबाईची मूर्ती बसवली, महिनाभर माहेरी आलेली पार्वतीच ती. शकुनचं म्हणणं होतं की यंदा आश्विन अधिक आहे, दोन-दोन आश्विन येणार, तर पुढच्या महिन्यात बसवावी. मी म्हटलं, माहेरी आलेल्या लेकीला कोणी दारातून परत पाठवतं का? राहू दे तिला जास्त. खुशालराव म्हणाले, "दोन महिने बायको माहेरी. भुलोजीच्या जेवनाचे हाल हायेत."

मुलींना एकत्र बसवता येत नाही. पण खाऊ ओळखायचा खेळ फाटकापाशी उभं राहून करायचं ठरलं. रोज एका घरचा डबा, ओट्यावर ठेवायचा, पुसून घ्यायचा, आणि हलवून ओळखायचं.

लहानपणी माहेरी, शेंदूरजनाघाटला, आमच्या आळीत मी या खेळात पटाईत होते. डबा कानाशी धरायचा. फुटाणे टणटण बोलतात, शेव कुरकुरते, लाडू असेल तर जड एकच ठोका. संध्याकाळी संत्र्याच्या बागांना पाणी सोडलेलं असायचं, ओल्या मातीचा वास घरापर्यंत यायचा, आणि आम्ही पोरी एकीच्या घरून दुसरीच्या घरी गाणी म्हणत जायचो. किती घरं, किती दारं, आणि एकही बंद नाही.

त्यातलं एक वर्ष तर मी कधी विसरणार नाही. मी नऊ वर्षांची. आईला नागपूरच्या दवाखान्यात नेलं होतं. ती तिकडेच गेली, पण मला दिवाळी होईपर्यंत कोणी कळू दिलं नाही. काय जपलं मला लोकांनी! आळीतल्या घराघरातून माझ्यासाठी डबे यायचे. खेळात पहिला डबा माझ्या हातात, आणि मी चुकले तरी सगळ्या म्हणायच्या, बरोबर, बरोबर. मोठी काकू पुढे कितीतरी वर्षं कौतुकाने सांगायची, "पोरीनं एकदाही इचारलं नाही माय कवा येईन म्हनून, इतकी रमली होती." माझ्या आयुष्यातली सगळ्यात गोड भुलाबाई तीच. लिहिता लिहिता डोळे भरून आले. म्हातारपण.

९ सप्टेंबर, बुधवार

नियाजला नेलं. चार दिवस अंगात ताप होता, दुकान बंद करून आत निजला होता, आणि आज सकाळी दम लागायला लागला. गाडीत चढताना मला बघून म्हणाला, "बाई, तुमच्या निळ्या ब्लाउजचे काजं करायचे राहिले." मी म्हटलं, आल्यावर कर. तुबा आईच्या मागे उभी होती.

१२ सप्टेंबर, शनिवार

काल शहाजादीलाही नेलं. तुबाची तपासणी झाली, तिला काही नाही. तरी काही दिवस तिने आमच्या पुढच्या खोलीतच राहायचं, आम्ही दोघांनी दुरून. गाडी आली तेव्हा पोरगी पिशवी भरून तयारच होती. कोणी सांगायच्या आत आमच्या घराकडे चालायला लागली. दुसरं घर ठरवायचा उपयोग झाला, आणि असा लवकर व्हायला नको होता.

शकुन फाटकापाशी येऊन हळूच म्हणाली, "वच्छलाबाई, वय झालं आपलं. इचार केला ना?" खोटं कशाला लिहू, मलाही भीती वाटत होती. मी यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "निवड तिनं केली. आपनच नाही म्हटलं तर पुढं तिनं कोनावर भरोसा ठेवाचा?" कधी कधी हा माणूस मला पहिल्यापासून आवडत आलाय असं वाटतं.

शहाजादीने वॉर्डातून फोन केला आणि पौर्णिमालाही फोनवर घेऊन सांगितलं की मुलगी वच्छलाबाईंकडेच राहू द्या. नियाजचा भाऊ फुरकान अकोल्याला असतो, पण त्याच्या घरातच तिघं आजारी आहेत. तोही म्हणाला, बाई, तुमीच सांभाळा.

१५ सप्टेंबर, मंगळवार

पोरगी रुळली. भाजी खात नाही हे खरं आहे, पण हे दुरून समोर जेवायला बसले की यांचं बघून खाते. खाऊ ओळखण्यात तर माझ्यासारखीच. आज खुशीने फाटकातून डबा सरकवला, तुबाने कानाशी धरून दोनदा हलवला आणि म्हणाली, "मुरमुरे. त्यात दाळ्या हायेत." बरोबर! खुशी रुसली.

मग मी माझा डबा काढला. मोठा स्टीलचा, भावाने भाऊबीजेला दिलेला, झाकणावर माझं नाव कोरलेलं. तुबाने नावावरून बोट फिरवलं.

"हा डबा मले माईत हाय आजी. दादाजी वारले तवा आमच्या घरी आला होता. खिचडी होती त्यात."

दोन वर्षं झाली नियाजचे वडील जाऊन. त्यांच्यात मयताच्या घरी तीन दिवस चूल पेटवत नाहीत, गल्लीने जेवण पुरवायचं असतं. तीन दिवस आमच्या सगळ्यांच्या घरून डबे गेले होते.

"शकुन आजीचा बी होता," ती म्हणाली. "मी सगळ्यायचे नावं वाचले होते. पहिलीत होतो मी, तरी वाचले." मी म्हटलं, शाबास, अंगणवाडी कोणाची होती?

रोज दुपारी आई-बापाशी फोनवर बोलणं होतं. नियाजच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असतो, तो नुसता हात हलवतो. तिथली नर्स चांगली आहे, त्याचा फोन दोन मिनिटं धरून ठेवते.

१९ सप्टेंबर, शनिवार

नियाज गेला.

फुरकानचा फोन सकाळी आला. मी दाराबाहेर जाऊन घेतला. पुढचं त्याने काय सांगितलं ते मला नीट आठवत नाही. चार जणांनी अमरावतीच्या कब्रस्तानात सगळं उरकलं, त्यालाही लांबूनच बघता आलं. "शहाजादीभाभीले डॉक्टर सांगू देत नाहीत," तो म्हणाला. "तिचा ऑक्सिजन कमी हाय. तुबाले समजलं तर ती फोनवर रडन आन् भाभीले कळन. बाई, तुमच्या पाया पडतो, पोरीले काही सांगू नका." मी शब्द दिला.

पौर्णिमाला कळवलं. ती ऐकून रडली, आणि डोळे पुसून म्हणाली, "बाई, शहाजादीताईचं डॉक्टर पाहतीन. पन तुबाले सांगावं लागन. लवकर, साध्या शब्दात, आन् तुमच्याच तोंडून." मी म्हटलं, आठ वर्षांच्या लेकराला? बाप मेला म्हणून? तुझ्या पुस्तकात असेल तसं. मलाही लहानपणी सांगितलं नव्हतं, माझं काय बिघडलं? ती म्हणाली, "फोन करत राहीन बाई."

स्वयंपाक करायला गेले. गॅससमोर उभी राहिले आणि तशीच बाहेर आले. पदर सारखा मागून ओढल्यासारखं वाटत होतं. खुशालराव अंगणात पाठ करून बसले होते, त्यांना हाक मारली नाही. नियाजच्या दुकानाला कुलूप आहे आणि माझा निळा ब्लाउज आत आहे.

दुपारी शकुनने डबा आणला. भाकर आणि पिठलं. ओट्यावर ठेवून गेली. मग पुढच्या घरून आला, मग त्याच्या पुढच्या. गल्लीने ठरवलं नव्हतं, पण सगळ्यांच्या हातून झालं. नियाज आपला होता, त्याचं घर बंद, मग त्याच्यासाठी डबा कुठे द्यायचा? माझ्या दारात. लोकांना सांगून ठेवलं की मुलीसमोर एक शब्द काढायचा नाही. सगळे हो म्हणाले. माझी गल्ली सोन्यासारखी आहे.

तुबा ओट्यावरचे डबे बघत होती. मी पटकन म्हटलं, "बघ, भुलाबाईचा खाऊ किती आला!" तिने शकुनचा डबा उचलून हलवला. "आजी, हा वाजून नाही राहिला," म्हणाली.

"ओळख मग."

"मले ओळखाचं नाही," म्हणाली आणि डबा खाली ठेवला. आज फोनही लागला नाही असं तिला सांगितलं.

२० सप्टेंबर, रविवार

आजही डबे. कोणाची खिचडी, कोणाचं वरण-भात. तुबा झाकणावरची नावं वाचत बसली होती. मी वाढताना तिने विचारलं, "अजून किती दिवस येनार डबे?"

"येतील अजून एखाद-दोन दिवस. लाड करतात तुझे सगळे."

बरं म्हणाली आणि पुढ्यातलं सगळं खाल्लं, भाजीसुद्धा. हे म्हणाले, पोरीला वळण लागलं.

खुशी फाटकाशी येऊन हाका मारून गेली. तुबाने आतूनच सांगितलं, "मी उद्यापर्यंत खेळत नाही." मुलींचे रुसवे. दुपारी ओढणी डोक्यावरून घेऊन कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी कपाळाला हात लावून बघितला, ताप नव्हता. आता तिला हात लावायला हरकत नाही, दिवस उलटून गेलेत.

२२ सप्टेंबर, मंगळवार

आज सकाळी तुबा स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "आजी, आज तुमी पोया करा. आता चालते." मला हसू आलं. म्हटलं, तुझी परवानगी पाहिजे होती वाटतं? तीन दिवसांनी गॅस पेटवला. तिने कणीक मळून दिली आणि सगळे डबे घासून ज्याच्या त्याच्या नावाने ओळीत ठेवले. परत करताना रिकामे कसे द्यायचे म्हणून मी प्रत्येकात थोडी साखर घातली, पण तुबा म्हणाली, साखर नको. लहान पोरं कंजूस असतात.

संध्याकाळी खुशीबरोबर खेळली. दोन डबे बरोबर ओळखले. मला किती बरं वाटलं. उगाच घाबरत होते मी.

२७ सप्टेंबर, रविवार

शहाजादी आज उठून बसली होती. फोनवर रंग दिसला तोंडावर. मी तुबाच्या मागे बसले होते, आणि शहाजादीने विचारलंच, "अब्बू का फोन आया था?"

आणि तुबा म्हणाली, "हां, सुबह आया था. अभी सोए हैं. तुम खाना खाओ अच्छे से."

मी तिच्याकडे बघतच राहिले. फोन ठेवल्यावर तिला काही विचारायची मला हिंमत झाली नाही. यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "वच्छला, पोरगी खोटं काहून बोलली?" मी म्हटलं, स्वप्नात बापाशी बोलली असेल. अंगणवाडीत नव्हती का एक, जिच्या घरी हत्ती होता. मुलं कल्पनेत राहतात. खुशालराव उठून शेतात सोयाबीन बघायला गेले.

३ ऑक्टोबर, शनिवार

पौर्णिमाचा पुन्हा फोन. हिला दुसरी कामं नाहीत का? "तुबा काही विचारते का बाई?" म्हणाली. मी सांगितलं, नाही. इतक्या दिवसांत अब्बूचं नावही काढलं नाही माझ्याजवळ. मस्त खेळते, खाते, यांच्याशी गप्पा मारते.

"बाई, लेकरू विचारत नाही म्हनजे त्याले माईत नाही, असं नसते."

मला राग आला. मी म्हटलं, पौर्णिमा, तुझं नाक पुसलंय मी, मला मुलं शिकवू नको. एक अख्खी पिढी हाताखालून गेली माझ्या. मी स्वतः त्यातून गेलेय. मला नाही का कळत? पोरगी रमली आहे. अगदी माझ्यासारखी.

फोन ठेवल्यावर पौर्णिमाला असं बोलायला नको होतं असं वाटलं. ती वाटी सांडायची तेव्हाही मी तिला रागावले की ती रडायची नाही, फरशी पुसायला लागायची.

७ ऑक्टोबर, बुधवार

शहाजादी घरी आली. हे सगळं आजच लिहून काढायला हवं.

सकाळी फुरकानचा फोन आला. तो तिला आणायला दवाखान्यात पोचला होता आणि तिथेच, डॉक्टरांसमोर, त्याने तिला सांगितलं. "दुपारपर्यंत घरी आनतो. आठ दिवस घरात एकटीच राहा म्हनतात. तुबाले आता सांगा बाई. मह्या तोंडून निघन नाही." शब्दातून मोकळी झाले. ज्या गोष्टीला तीन आठवडे हात लावला नव्हता ती आता दोन तासांत करायची होती.

पौर्णिमाला फोन केला. मागचं काहीही न काढता ती म्हणाली, "बाई, देवाघरी गेले, झोपले, असं नका म्हनू. वारले म्हना. आन् मग ती काय म्हनते ते ऐका." मी ते वाक्य देवघरासमोर उभी राहून तीनदा म्हणून बघितलं. भुलाबाई समोर होती, तिच्याकडे बघवेना.

तुबा ओट्यावर शेंगा फोडत होती. मी शेजारी बसले. "तुबा, आज अम्मी येऊन राहिली."

मला वाटलं उडी मारेल. तिने हातातली शेंग फोडली, दाणे भांड्यात टाकले आणि विचारलं, "अम्मीले सांगितलं?"

"काय?"

"अब्बूचं."

माझं पाठ केलेलं वाक्य कुठे गेलं कोणास ठाऊक. मी इतकंच म्हणू शकले, "तुले कोनी सांगितलं?"

"कोनीच नाही. तुमी गॅस पेटवला नव्हता. सगळ्यायचे डबे आले, सगळ्यायचे नाव होते. आन् एक बी डबा वाजत नव्हता." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी विचारलं असतं तर तुमाले रडू आलं असतं. अम्मीले बी फोनवर समजलं असतं. ती बिमार होती ना."

मी रडलेच. आठ वर्षांच्या पोरीसमोर, ओट्यावर, दिवसाढवळ्या. सगळी गल्ली मिळून आम्ही तिच्यापासून लपवत होतो, आणि ती एकटी आमच्यापासून लपवत होती. तीन दिवस तिने भिंतीकडे तोंड करून बापाचं दुःख पाळलं आणि मी तिचं कपाळ बघून ताप नाही म्हणून खूश झाले. आता मात्र तिचा चेहरा हलला. माझ्या पदराचं टोक मुठीत धरून ती रडायला लागली, आवाज काढून, अब्बू अब्बू करत, आणि मी तिला थांबवलं नाही. खुशालराव दारात येऊन उभे राहिले आणि मग तेही आमच्यापाशी बसले.

किती वेळ गेला माहीत नाही. काकाने अम्मीला आज दवाखान्यातच सांगितलं, हेही मी तिला सांगितलं. तुबाने नाक पुसलं आणि उठली. "चला आजी. अम्मीच्या घरी आता तीन दिवस चूल नाही पेटवाची. तिले आजच समजलं ना. आपल्याले डबा करा लागन." दारात वळून म्हणाली, "माहे तीन दिवस तर झाले."

आम्ही खिचडी टाकली. तिने तांदूळ धुतले. शकुनला निरोप दिला की उद्याचा डबा तुझा, आणि ह्या वेळी कोणी खाऊ म्हणायचं नाही. खिचडी शिजत असताना तुबा कट्ट्याला टेकून उभी होती. मला तिला एकटीला सोडवेना, आणि काय बोलावं तेही सुचेना, म्हणून मी सांगितलं की माझी आई मी नऊ वर्षांची असताना वारली. भुलाबाईचेच दिवस होते. मला दिवाळीपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं.

"मंग तुमाले कवा समजलं?"

'दिवाळीत' हे तोंडावर आलं होतं. आयुष्यभर तेच सांगत आले. पण हातात झाकण होतं, समोर वाफ होती, आणि मला आमचं शेंदूरजनाघाटचं स्वयंपाकघर दिसलं. थंड चूल, राख भरलेली. काकू दारात पाठमोरी. आळीतून आलेले डबे ओळीत, आणि मी त्यातला एक कानाशी धरून हलवलेला. तो वाजला नव्हता. त्या दिवसापासून मी आईचं नाव काढलं नाही. काकूला रडू येईल म्हणून.

"तवाच," मी म्हणाले.

तुबाने मान हलवली. मग डबा भरला, झाकण घट्ट लावलं, आणि आम्ही निघालो. तिने डबा दोन्ही हातांनी धरला होता. नियाजच्या दुकानाचं दार बंद होतं, बाजूचं घराचं दार उघडं. शहाजादी आत उंबऱ्यापासून लांब भिंतीला टेकून बसली होती, इतकी बारीक झालेली की मी आधी ओळखलंच नाही. तिने तुबाकडे बघितलं आणि तोंड ओढणीत लपवलं. तिला वाटत होतं की मुलीला अजून काही माहीत नाही.

तुबाने डबा ओट्यावर ठेवला आणि सांगितलं होतं तितकी मागे सरकून उभी राहिली.

"अम्मी, मुझे मालूम है," ती म्हणाली. "तुम खाना खा लो. गरम है."